आधुनिक मानव कुठून आला? एका वादाची गोष्ट

(मंचाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय वाचून दोघातिघांनी मला आधीच विचारलं, "यात वाद कसला? माणूस आफ्रिकेतून आला, हे शाळेतली पोरंसुद्धा सांगतील." खरं आहे. पण 'आला' म्हणजे नेमकं काय झालं, यावरून शास्त्रज्ञांमध्ये अनेक वर्षं दोन तट होते. त्या भांडणाचा शेवट दोन्ही तटांना अपेक्षित नव्हता असा झाला. आणि तो शेवट आपल्यासारख्या पुरोगामी म्हणवणाऱ्या मंडळींना जरा अडचणीचाही आहे. कसा, ते पुढे येईल.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की मी मानववंशशास्त्रज्ञ नाही. डीएनए वाचणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे कवट्यांबद्दल बोलेन ते वाचनातून, आणि डीएनएबद्दल बोलेन ते प्रयोगशाळेतल्या अनुभवातून.

डार्विनने १८७१ मध्येच अंदाज केला होता की माणसाचे पूर्वज बहुधा आफ्रिकेत राहत असावेत, कारण गोरिला आणि चिंपांझी हे आपले सर्वांत जवळचे नातेवाईक तिथले. त्याच्या हातात तेव्हा आफ्रिकेतला एकही मानवी जीवाश्म नव्हता. युरोपातल्या विद्वानांना ही कल्पना फारशी रुचली नाही. पुढे १८९१ मध्ये जावात आणि १९२९ मध्ये पेकिंगजवळ झोउकोउदियनला कवट्या मिळाल्या, तेव्हा आशियाचं पारडं जड झालं. इंग्लंडला तर स्वतःचाच आदिमानव हवा होता, आणि १९१२ मध्ये तो पिल्टडाउनला 'सापडला'. मोठा मेंदू, वानराचा जबडा आणि वर अस्सल इंग्लिश माती! माणसाची कवटी आणि वानराचा जबडा घासून, रंगवून एकत्र पुरला होता, हे सिद्ध व्हायला १९५३ साल उजाडलं. मधल्या काळात दक्षिण आफ्रिकेत टाँगला १९२४ मध्ये मिळालेली एका पिल्लाची खरीखुरी कवटी रेमंड डार्ट जगाला दाखवत होता. तिच्याकडे बहुतेकांनी वीसेक वर्षं पाठ फिरवली. लोकांना काय सापडतं हे पुष्कळदा त्यांना काय हवं असतं यावर ठरतं. शास्त्रज्ञही लोकच.

पेकिंगच्या कवट्यांचा अभ्यास करणारा फ्रान्झ वायडेनराइख हा ज्यू होता, हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेला. त्याचं म्हणणं असं होतं की जगाच्या वेगवेगळ्या भागांत माणूस हळूहळू आधुनिक होत गेला, पण हे भाग एकमेकांपासून तुटलेले नव्हते. त्यांच्यात ये-जा होती, संबंध होते, मुलंबाळं होती. त्याने काढलेल्या आकृतीत उभ्या रेषा आहेत तशाच आडव्या आणि तिरक्याही आहेत. वेलीसाठी बांबूचा ताटवा बांधतात ना, तशी ती दिसते.

१९६२ मध्ये कार्लटन कून या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने 'द ओरिजिन ऑफ रेसेस' हे जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याने उभ्या रेषा ठेवल्या आणि आडव्या जवळजवळ पुसून टाकल्या. म्हणजे माणसांचे पाच वंश, पाचही आपापल्या वेळी 'सेपियन्स' झाले, आणि आफ्रिकी लोक गोऱ्यांच्या बरेच नंतर. साल लक्षात घ्या. अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा काळ्या मुलांच्या शाळाप्रवेशावरून संघर्ष पेटला होता. वंशभेदाच्या समर्थकांना हे पुस्तक आयतंच मिळालं. थिओडोसियस डोबझान्स्कीसारख्या जनुकशास्त्रज्ञाने त्याच्यावर सडकून टीका केली. पण एका निर्वासित ज्यू माणसाची कल्पना रेषा खोडून वंशवाद्यांच्या हाती गेली, ती गेलीच.

आता मुख्य वादाकडे येते. १९८४ मध्ये अमेरिकेचा मिलफोर्ड वोलपॉफ, ऑस्ट्रेलियाचा ॲलन थॉर्न आणि चीनचा वू शिंझी या तिघांनी वायडेनराइखच्या आडव्या रेषा परत आणल्या. हा बहुप्रादेशिक सिद्धांत. होमो इरेक्टस सुमारे अठरा लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेबाहेर पडला, आशियाभर पसरला, आणि जागोजागच्या त्या लोकसंख्या आपसात जनुकांची देवाणघेवाण करत एकत्रच आधुनिक झाल्या. पुरावा? चीनमधल्या जुन्या कवट्यांत पुढच्या दातांची जी फावड्यासारखी ठेवण दिसते, ती आजच्या चिनी लोकांतही दिसते. दुसऱ्या बाजूला लंडनचा क्रिस स्ट्रिंगर आणि त्याचे सहकारी म्हणत होते की छे, आधुनिक मानव अलीकडे आफ्रिकेत तयार झाला, तिथून बाहेर पडला आणि आधीच्या सगळ्यांची जागा त्याने घेतली.

दोन्ही बाजू कवट्या मोजत होत्या आणि त्याच कवट्यांवरून उलटसुलट निष्कर्ष काढत होत्या. १९८७ मध्ये या भांडणात एक तिसराच साक्षीदार आला. बर्कलीच्या रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांनी १४७ जणांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासला. बहुतेक नमुने बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या वारेतून घेतलेले होते.

हा डीएनए फक्त आईकडून मिळतो. समजा, एका घराण्यात अशी रीत आहे की आईने आपली नथ फक्त मुलीला द्यायची. ज्या आईला मुलगेच झाले तिची नथ तिथे संपली. मुलगी झाली, पण तिला मूलच नाही, तरी संपली. पिढ्यानपिढ्या असं होत गेलं की शेवटी गावात उरलेल्या सगळ्या नथी एकाच बाईच्या नथीवरून आलेल्या निघतात. याचा अर्थ त्या काळी गावात ती एकटीच बाई होती असा नाही. बाकीच्यांच्या पाटल्या, बांगड्या, भांडीकुंडी, म्हणजे बाकीचा डीएनए, आजही आपल्यात आहे. फक्त त्यांच्या नथी राहिल्या नाहीत. नथींवरचे ओरखडे मोजून ती मूळ बाई सुमारे दोन लाख वर्षांपूर्वी, बहुधा आफ्रिकेत, होऊन गेली असं या तिघांनी मांडलं. वर्तमानपत्रांनी तिचं नाव 'हव्वा' करून टाकलं आणि जानेवारी १९८८ मध्ये 'न्यूजवीक'ने कृष्णवर्णीय आदम आणि हव्वा मुखपृष्ठावर छापले. या नावाने जेवढा गोंधळ घातला तेवढा क्वचितच कुठल्या उपमेने घातला असेल. अजूनही लोक मला विचारतात, "मग तिचा नवरा कोण?"

त्या पेपरवर टीकाही झाली आणि ती रास्त होती. वंशवृक्ष काढणाऱ्या संगणकाला माहिती वेगळ्या क्रमाने दिली की वेगळे, तितकेच 'चांगले' वृक्ष निघत, आणि काहींचं मूळ आफ्रिकेबाहेर जाई. २००० मध्ये ५३ जणांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए संपूर्ण, म्हणजे सगळी साडेसोळा हजार अक्षरं, वाचला गेला, तेव्हा आफ्रिकेतलं मूळ पक्कं झालं.

तोवर वाद फार कडवट झाला होता. आफ्रिकावाले म्हणत, "तुमचा सिद्धांत म्हणजे कूनचे पाच वंश नव्या कपड्यांत." बहुप्रादेशिकवाले उलट विचारत, "एका जमातीने बाहेर पडून जगातल्या बाकी सगळ्यांना संपवलं, ही तुमची गोष्ट काय फार उदार आहे?" म्हणजे दोघंही एकमेकांवर वंशवादाचा आरोप करत होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, मला तिच्याकडे परत यायचं आहे.

यानंतरचा भाग माझ्या जिव्हाळ्याचा. १९९७ मध्ये म्युनिकला स्वांते पाबो आणि मथायस क्रिंग्स यांनी १८५६ साली निअँडर खोऱ्यात मिळालेल्या हाडातून डीएनए काढला. हे किती अवघड होतं याची कल्पना देते. जुन्या हाडातला डीएनए तुकडे तुकडे झालेला असतो आणि हाडात शिरलेल्या जिवाणूंचा डीएनए त्याच्या कित्येक पट जास्त असतो. शिवाय ते हाड एकशेचाळीस वर्षं लोकांनी हाताळलेलं. एखादा अभ्यासक त्याच्यावर शिंकला की झालं, निअँडरथलच्या जागी तुम्ही त्या अभ्यासकाचा डीएनए वाचणार! आणि दोघं इतके सारखे की चटकन फरक कळणार नाही. म्हणून त्यांनी तोच प्रयोग अमेरिकेतल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे करवून घेतला. मिळालेल्या ३७९ अक्षरांच्या तुकड्याची आजच्या माणसांशी तुलना केली. आजच्या कुठल्याही दोन माणसांत सरासरी आठ फरक निघत होते, निअँडरथल आणि माणूस यांच्यात सत्तावीस. निअँडरथलची नथ आज कोणाकडेही नाही. पूर्ण बदलीचा सिद्धांत जिंकला, असं त्यानंतरची दहाबारा वर्षं बहुतेकांनी धरलं.

मे २०१० मध्ये पाबोच्याच गटाने, आता लायपझिगहून, निअँडरथलच्या संपूर्ण जीनोमचा कच्चा आराखडा प्रसिद्ध केला. हाडं क्रोएशियातल्या विंदिया गुहेतली. तुलनेला पाच माणसं होती. एक फ्रेंच, एक चिनी, एक पापुआ न्यू गिनीचा, आणि आफ्रिकेतले योरुबा आणि सान. फ्रेंच, चिनी आणि पापुआचा माणूस हे तिघंही आफ्रिकेतल्या दोघांपेक्षा निअँडरथलला थोडे जवळचे निघाले. चीनमध्ये किंवा पापुआमध्ये निअँडरथल राहत असल्याचं कोणी म्हणत नव्हतं. म्हणजे संकर झाला तो आफ्रिकेबाहेर पडल्यावर लगेच, जग पसरण्याआधी. त्या वेळी प्रमाण १ ते ४ टक्के काढलं होतं, आता ते साधारण २ टक्के मानतात. २०२४ मध्ये हा संकर साधारण ५०,५०० ते ४३,५०० वर्षांपूर्वीच्या काळातला असल्याचं दाखवलं गेलं. मायटोकॉन्ड्रियामध्ये हे का दिसलं नव्हतं? नथी संपतात म्हणून. बाकीचे दागिने आपल्याच कपाटात होते.

२०१० मध्येच सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेतल्या बोटाच्या एवढ्याशा हाडातून तिसराच मानव बाहेर आला. त्याचं नाव डेनिसोवन. त्याचा अंश पापुआ, ऑस्ट्रेलिया, फिलिपिन्सच्या लोकांत चांगलाच आहे. तिबेटी लोकांना विरळ हवेत जगायला मदत करणारा जनुकाचा प्रकारही त्याच्याकडून आलेला. २०१८ मध्ये त्याच गुहेतल्या एका मुलीची आई निअँडरथल आणि बाप डेनिसोवन निघाला. पहिल्याच पिढीतलं असं मूल हाती लागावं, हा योगायोग मला अजूनही थक्क करतो. की असे संबंध होतच असत, म्हणून लागलं?

पाबोला २०२२ चं नोबेल मिळालं. पण वाद जिंकला कोणी? माझं मत विचाराल तर मुख्य रक्कम आफ्रिकेची. आफ्रिकेबाहेरच्या माणसाचे ९५ टक्क्यांहून अधिक पूर्वज अलीकडे तिथून आलेले. पण वायडेनराइखच्या आडव्या रेषा खऱ्या होत्या, हे मान्य करायलाच हवं. वू शिंझीने 'सातत्य आणि थोडा संकर' अशी मांडणी केली होती, तिची त्या काळी जेवढी टर उडवली गेली तेवढी उडवायला नको होती.

गंमत म्हणजे बहुप्रादेशिक कल्पना आता आफ्रिकेतच परतली आहे. इथिओपियात ओमो इथे १९६७ मध्ये मिळालेल्या कवट्या आधुनिक मानवाच्या सर्वांत जुन्या धरल्या जात. २००५ मध्ये त्यांचं वय १ लाख ९५ हजार ठरलं, २०२२ मध्ये किमान २ लाख ३० हजारांच्या आसपास. तोवर २०१७ मध्ये पार वायव्य टोकाला, मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदच्या कवट्यांचं वय सुमारे ३ लाख वर्षं निघालं. चेहरा आपल्यासारखा, पण डोक्याचा मागचा भाग लांबट, जुन्या धाटणीचा. मग आधुनिक मानवाचं जन्मगाव कुठलं? एलेनॉर स्केरी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये सांगितलं की गाव एक नव्हतंच. आफ्रिकाभर विखुरलेल्या गटांत, वाळवंटं वाढली की तुटत आणि पाऊस वाढला की जुळत, आपण घडलो. २०२३ च्या एका जीनोम-अभ्यासाचाही रोख तसाच आहे. २०२५ मध्ये केंब्रिजच्या गटाने तर पंधरा लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन शाखा ३ लाख वर्षांपूर्वी ८०:२० प्रमाणात परत एकत्र आल्या, असं गणित मांडलं. यावर अजून बरंच भांडण व्हायचं आहे.

भारताबद्दल विचारणार, हे ठाऊक आहे. नर्मदाकाठी हथनोरा इथे १९८२ मध्ये अरुण सोनकियांना मिळालेली कवटीची टोपी आहे. ती कोणत्या मानवाची, यावर एकमत नाही. आंध्रातल्या ज्वालापुरमला टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या राखेच्या खाली आणि वर दगडी हत्यारं मिळाली. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरीलाही ज्वालामुखीची राख आहे, तिच्या वयावरून आपल्याकडच्या अभ्यासकांत जुना वाद आहे. हत्यारं पुष्कळ, हाडं नाहीत, आणि आपल्या उष्ण दमट मातीत डीएनए टिकत नाही. म्हणून जिवंत माणसांचे जीनोम वाचायचे. २०२५ मध्ये २७०० हून अधिक भारतीयांचे जीनोम प्रसिद्ध झाले. भारतीयांचं बहुतेक जनुकीय वैविध्य सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीच्या त्या एका मोठ्या स्थलांतरातून आलेलं आहे, आणि निअँडरथल अंश १ ते २ टक्के, त्यातही विविधता खूप.

या अंशाने २०२० मध्ये एकदम बातम्यांत जागा पटकावली. कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा निअँडरथलकडून आलेला आहे, असं ह्यूगो झेबर्ग आणि पाबो यांनी दाखवलं. दक्षिण आशियात जवळजवळ निम्म्या लोकांत त्याची निदान एक प्रत आहे, युरोपात सुमारे १६ टक्क्यांत. शोध भक्कम आहे. पण २०२१ च्या दुसऱ्या लाटेत काही जण हाच पेपर दाखवून मृत्यूंचं स्पष्टीकरण देऊ लागले तेव्हा मला संताप आला. ऑक्सिजनचा सिलिंडर न मिळाल्याने माणूस दगावतो, त्यात पन्नास हजार वर्षांपूर्वीच्या आजीचा काय दोष?

आता ती अडचण. आपल्यापैकी अनेकांना आफ्रिकेची गोष्ट आवडते, कारण ती सांगते की आपण सगळे अलीकडचे भाऊबंद, वंश म्हणजे वरवरचा रंग. यातलं विज्ञान ठीक आहे. रिचर्ड लेवॉन्टिनने १९७२ मध्येच दाखवलं होतं की मानवी वैविध्याचा सुमारे ८५ टक्के भाग कुठल्याही एका लोकसमूहाच्या आतच असतो. पण समतेचा दावाच या गोष्टीवर उभा केला, तर २०१० नंतर काय करणार? निअँडरथल अंश सगळ्यांत सारखा नाही. आफ्रिकेतल्या लोकांत तो कमी आहे. अगदी शून्य नाही, सुमारे ०.३ टक्के, हे २०२० मध्ये कळलं. तर आता 'आमच्यातला जास्तीचा अंश म्हणजे जास्तीची बुद्धी' म्हणणारेही निघाले आहेत. याच निअँडरथलला हेकेलने १८६६ मध्ये 'होमो स्टुपिडस' हे नाव सुचवलं होतं. दीडशे वर्षं तो मठ्ठ रानटी होता. युरोपियनांच्या नात्यातला निघाल्यापासून चित्रांत तो फारच विचारी दिसू लागलाय!

उगमाची गोष्ट सांगून आजचा हक्क सांगायची सवय आपल्या मराठी मुलखातही आहे. फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) भटांना बाहेरून आलेले आक्रमक ठरवलं, टिळकांनी १९०३ मध्ये आर्यांचं घर उत्तर ध्रुवाजवळ नेलं. दोघांचे हेतू एका तागडीत घालण्यासारखे मुळीच नाहीत, पण आधार दोघांनीही उगमाचाच घेतला. आंबेडकर इथे वेगळे पडतात. त्यांनी जातीला वंशाचा आधार आहे हे नाकारलं, आर्य वंशाचा सिद्धांतही नाकारला. पण 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये (१९३६) ते आणखी एक पाऊल पुढे जातात. माणसं जन्मतः सारखी नसतात, हा आक्षेप ते क्षणभर मान्यच करतात, आणि म्हणतात की तरीही माणसांना समानतेने वागवणं हेच व्यवहाराचं तत्त्व असलं पाहिजे. मला ही भूमिका एखाद्या जनुकशास्त्रज्ञाच्या खूप उपयोगाची वाटते. उद्या बहुप्रादेशिक सिद्धांत शंभर टक्के खरा ठरला असता, तरी वडाळ्याच्या झोपडपट्टीतल्या मुलीचा शाळेवरचा हक्क तसूभर कमी झाला नसता. आणि मला माझं काम, 'याचा निकाल आपल्या बाजूचा लागेल ना?' ही धास्ती न बाळगता करता आलं असतं.

शेवटी एका सभासदाने पाठवलेला प्रश्न. मुलांच्या हौसेखातर डीएनएचं किट घ्यावं का? अहवालात निअँडरथलचा आकडा येतो, मुलांना मजा वाटते, ती वाटू द्या. पण 'अमुक प्रदेशाचे ४० टक्के' यासारखे आकडे म्हणजे त्या कंपनीकडे आज ज्यांचे नमुने आहेत त्यांच्याशी केलेली तुलना असते. नमुने वाढले की तुमची टक्केवारी बदलते, आजोबा मात्र तेच राहतात. दुसरं असं की २०२५ मध्ये 'ट्वेंटीथ्री अँड मी' ही कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या माहितीचं काय होणार हा प्रश्न न्यायालयापुढे आला. तुमच्या लाळेत तुमच्या भावंडांची आणि मुलांचीही माहिती असते. नळीत थुंकण्याआधी त्यांना विचारा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.